अख्खं एक मिनिट

लांजेवार बाईंकडे कुठलीही अडचण घेऊन गेलं की त्यांचा पहिला शब्द ठरलेला असे. "बस."

अडचण कितीही घाईची असो. हातातली काचेची सिरिंज फुटलेली असो, पेशंटच्या नातेवाइकानं शिवी हासडलेली असो, की होस्टेलमध्ये कोणी आपलं खोबरेल तेल संपवलेलं असो. बाई पायानंच एक लाकडी स्टूल पुढे सरकवत आणि आपण त्यावर टेकेपर्यंत अवाक्षर काढत नसत. "उभ्या माणसाचं डोकं पायात राहते," हे त्यांचं खास शरीरशास्त्र. ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं आणि मी परीक्षेत लिहिलं असतं तर खुद्द बाईंनीच मला भोपळा दिला असता. पण नर्सिंग स्कूलच्या तीन वर्षांत मी जे काही शिकले, त्यातलं निम्मं त्या स्टुलावर बसून शिकले. उरलेलं निम्मं एका रबरी बाईनं शिकवलं. तिच्याकडे येतेच.

आता गंमत अशी, की ड्यूटीवर असताना विद्यार्थिनीनं बसायचं नाही असा आमच्या हॉस्पिटलचा कडक नियम होता. मेट्रनबाईंना वॉर्डात बसलेली नर्स दिसली की त्यांची भुवई टोपीपर्यंत जायची. त्यामुळे लांजेवार बाईंचं ते स्टूल आणि मेट्रनची ती भुवई यांचं कायमचं वाकडं होतं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. मी नागपुरातल्या इंदोऱ्याची. बाबा मिलमध्ये कामाला. आम्ही छप्पन सालचे बौद्ध, आणि पोरांनी शिकलंच पाहिजे हा आमच्या घरचा एकच हट्ट. आमच्या गल्लीतून नर्सिंगला गेलेली मी पहिली पोरगी. पांढऱ्या टोपीतला माझा फोटो बाबांनी फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर लावला होता, म्हणजे येणाऱ्याला तो चुकवताच येऊ नये. भेटेल त्याला ते सांगत, "माही पोरगी सिस्टर होऊन राहिली." मी अजून फक्त बेडपॅन धुवायला शिकले होते, पण बाबांना ते कोण सांगणार!

लांजेवार बाई आमच्या सिस्टर ट्यूटर. बुटक्या, सावळ्या, अंगानं भरलेल्या. छातीवर उलटं लावलेलं नर्सचं घड्याळ. राहायला प्रताप नगरला, आणि तेव्हा प्रताप नगर म्हणजे जवळजवळ गावाबाहेरच. तिथून त्या सायकलवर येत. उन्हाळ्यात डोक्याला ओलं उपरणं बांधून, आणि एप्रनच्या खिशात एक कांदा ठेवून. ऊन लागू नये म्हणून हा कांदा त्यांच्या आईनं दिलेला असे. जंतूंवर तास घेता घेता बाईंनी खडू काढायला खिशात हात घालावा आणि कांदा बाहेर यावा, असं कितीदा झालं! एकदा आमच्यातल्या बर्वेनं धीर करून विचारलं, "बाई, याला शास्त्रीय आधार काय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "पण माय सकाळी उठून आठवणीनं देते. मले त्याच्यानं त्रास नाही, तिले त्याच्यानं झोप लागते. आता सांग वं बर्वे, काढून टाकू का ठेवू?"

बाईंनी कांदा खिशात ठेवला आणि जंतूंकडे वळल्या. हे असं त्यांचं शिकवणं. आम्हाला वाटायचं, कांद्याची गंमत झाली. पंधरा वर्षांनी कळतं, तो धडा होता.

त्यांचा मुख्य विषय व्यवसायनीती. गुरुवारी दुपारी दोनचा तास. नागपूरची दुपार, पोटात वरण-भात, आणि फळ्यावर 'नीती' हा शब्द. दुसऱ्या कोणी हा तास घेतला असता तर आम्ही ओळीनं घोरलो असतो. पण बाई पुस्तक उघडतच नसत.

"पुस्तकात लिहिलं आहे, नर्सनं खरं बोलावं. कबूल? आता एक पेशंट आहे. डोळे पिवळे, केसांच्या जटा, गाल बसलेले. ती तुले विचारते, सिस्टर, मी कशी दिसून राहिली? सांग बर्वे."

बर्वे सरळ मनाची. "पिवळ्या दिसता, असं सांगेन."

वर्गात हशा फुटला. दुसरी म्हणाली, "मी सांगेन, छान दिसता."

"एकीनं पेशंटले रडवलं, दुसरीनं येडं बनवलं," बाई म्हणाल्या. "अवं, ती आरसा मागून नाही राहिली. ती विचारून राहिली, की माह्याकडे कोणी पाहते का. मी सांगीन, कालच्यापेक्षा थकल्या दिसता. या इकडं, वेणी घालून देते."

वर्ग एकदम शांत झाला. बाईंना अशी शांतता फार सोसत नसे. त्यांनी लगेच खिडकीतून हाक मारून आयाला चहा सांगितला.

आता मैनाबाई. मैनाबाई म्हणजे आमच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीतली माणसाएवढी रबरी बाहुली. तिला अंघोळ घालणं, कूस बदलणं, बँडेज बांधणं, सगळं आम्ही तिच्यावर शिकलो. नाक झिजलेलं, एका पायाचा अंगठा उंदरांनी नेलेला, पण चेहऱ्यावर कायम समाधान. इतकी शहाणी पेशंट मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही.

दुसऱ्या वर्षाला माझी ड्यूटी बायकांच्या सर्जिकल वॉर्डात लागली. दुपारी चारला तीस पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास तक्त्यावर लिहायचे. थर्मामीटर दोन. त्यातलं एक हट्टी, त्याचा पारा झटकला तरी उतरत नसे. मग जुन्या मुली नव्यांना एक युक्ती शिकवत: तापकरी असतील त्यांनाच थर्मामीटर लावायचं, बाकीच्यांचं अंदाजानं. आणि श्वास? श्वास कोण मोजतं! मिनिटाला वीस लिहायचे. सगळ्याच लिहायच्या. स्टाफ नर्सही वीसच लिहायच्या. मीही लिहू लागले, आणि झरझर लिहिता येतं म्हणून स्वतःला हुशारही समजू लागले.

एका बुधवारी चारच्या फेरीत चौदा नंबरच्या बेडवर नवी पेशंट दिसली. भिंतीकडे तोंड, डोक्याला फडकं, गळ्यापर्यंत चादर. तक्त्यावर नाव 'मैना बळीराम, वय पन्नास, पातळ आहार.' शांत झोपली होती. उगाच उठवा कशाला, असा दयाळू विचार करून मी लिहिलं: ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, नाडी अठ्ठ्याहत्तर, श्वास वीस. शेऱ्यात लिहिलं, 'झोप शांत.'

दुसऱ्या दिवशी गुरुवार. दोनच्या तासाला बाई ट्रॉली ढकलत आल्या. ट्रॉलीवर चादर. बाईंनी तक्ता काढून खणखणीत आवाजात वाचला, शेऱ्यासकट, सहीसकट. "सही, कुसुम मेश्राम." आणि चादर ओढली.

वर्ग पाच मिनिटं हसत होता. कोणी बाकावर डोकं आपटत होतं. बाईंनाही हसू आवरेना. "मैनाबाईची तब्येत मेश्रामच्या हाताखाली सुधरून राहिली," त्या म्हणाल्या. "आणखी आठ दिवस ठेवली तर चालत घरी जाईल!" मीही हसले, सगळे हसत होते म्हणून.

संध्याकाळपर्यंत गोष्ट मेट्रनपर्यंत गेली. खोटी नोंद म्हणजे साधी चूक नव्हे. मला ऑफिसात बोलावलं. लांजेवार बाई माझ्याबरोबर आल्या.

"हिचं नाव कमी करा," मेट्रन म्हणाल्या. "वडिलांना उद्या बोलावून घ्या."

मला दिसलं, बाबा मिलच्या कपड्यांत त्या टेबलासमोर उभे आहेत आणि हातात काय धरावं ते त्यांना कळत नाहीये. आणि घरी भिंतीवरचा तो फोटो.

"बस वं मेश्राम," बाई म्हणाल्या आणि पाहुण्यांची खुर्ची त्यांनी माझ्याकडे ओढली. मेट्रनची भुवई निघाली टोपीच्या दिशेनं. मी बसले. बाईंनी काखेतला तक्त्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"हे पूर्ण वॉर्डाचे तक्ते आहेत, मेट्रन. एकीचं पोट कापलं, एकीचा पाय मोडला. एक ऐंशी वर्षांची, एक सोळाची. पण सगळ्या मिनिटाले वीसच श्वास घेऊन राहिल्या. महिनाभर! आपल्या वॉर्डाचं बँडपथक काढलं तर सव्वीस जानेवारीले पहिला नंबर येईल."

मेट्रन तक्ते चाळत राहिल्या.

"खाली सह्या पाहा," बाई म्हणाल्या. "मेश्रामचं नाव कापाल, तर या सगळ्या सह्या कापा. आणि मैनाबाईचा खोटा केसपेपर मी बनवला, त्याच्यावर माही सही आहे. तेव्हा पहिलं नाव माहं कापा."

मग मेट्रननं कोरड्या आवाजात विचारलं, "ती बाहुली त्या बेडवर किती वेळ होती?"

"तीन तास. कोणीतरी तिच्या उशाशी चहाही ठेवून गेलं."

मेट्रननं रुमाल तोंडाशी नेला. त्या खोकल्या असं आम्ही पुढे कायम म्हणत आलो, पण तो खोकला नव्हता. शिक्षा सुनावली ती अशी: महिनाभर, रोज चार वाजता, दोघींनी मिळून तीसही पेशंटचे श्वास मोजायचे. प्रत्येकीचं अख्खं एक मिनिट.

"उभ्यानं नाही जमत ते," बाई म्हणाल्या.

"मग बसून मोजा!" मेट्रन ओरडल्या. अशा रीतीनं आमच्या वॉर्डात स्टूल आलं.

पण बाईंचा हिशेब अजून संपला नव्हता. पुढच्या गुरुवारी त्यांनी ते लाकडी स्टूल वर्गाच्या मधोमध ठेवलं आणि स्वतः त्यावर बसल्या. "आज माहा नंबर," त्या म्हणाल्या. "मी खोटा पेशंट बनवला. मेश्रामले फसवलं. चूक का बरोबर? लाजू नका, बोला."

तासभर वाद झाला. फसवल्याशिवाय खोड कळली नसती, असं निम्म्या वर्गाचं मत. शेवटी बर्वे उठली. सरळ मनाची ती. "बाई, फसवलं ते ठीक. पण तिचं नाव वाचून सगळ्यांसमोर हसलात, ते चूक."

बाईंनी मान डोलावली. "बरोबर," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांदेखत, "मेश्राम, माहं चुकलं. मले माफ कर वं." मी रडले. मिलमधल्या माणसाच्या पोरीची माफी मागणारं मोठं माणूस मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. बाईंनी खिशात हात घालून रुमाल शोधला आणि मला चुकून कांदा दिला. रडता रडता मी अशी हसले, की बस.

मग तो महिना. श्वास मोजायची एक रीत असते. पेशंटला कळू द्यायचं नाही. कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी पाहिल्यासारखं मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर. मी म्हटलं, "बाई, हेही फसवणंच की!" बाई खूश झाल्या. "पाहा, आता तुले प्रश्न पडून राहिले. पडू दे." पहिले दोन दिवस एक मिनिट म्हणजे तासासारखं वाटलं. मग हळूहळू दिसायला लागलं. एकीचा श्वास वरवरचा, एकीचा खोल. एकीला नवरा भेटायला आला की भराभर चालायचा. तीस बायका, तीस तऱ्हा. मी चार महिने त्यांच्यामधून फिरत होते आणि त्यांना पाहिलंच नव्हतं.

एकदा मोजता मोजता बाई हळूच म्हणाल्या, "मी शिकत होते तेव्हा एकाचे असेच वीस लिहिले. पाहिलं असतं तर चाळीस होते." आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

तिसऱ्या आठवड्यात नऊ नंबरवर भागाबाई होती. काटोलकडची, संत्र्याच्या बागेवाली म्हातारी. पोटाच्या ऑपरेशनला तीन दिवस झालेले. काहीही विचारा, उत्तर एकच: "बरी आहो माय." त्या दिवशीही बरी होती. मी मनगट धरून बसले. मिनिट संपलं. छत्तीस. मला खरं वाटेना. पुन्हा मोजले. छत्तीस.

मी ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांकडे धावले. त्यांनी मान वर करून पाहिलं. "मैनाबाईवाली ना तू?" आणि लिहायला लागले.

खोट्या वीसांची किंमत अशी असते, हे मला तेव्हा कळलं. खरं छत्तीस हातात होतं आणि ते घ्यायला कोणी तयार नव्हतं. तेवढ्यात बाई मागून आल्या. मला वाटलं, आता त्या स्वतः मोजतील आणि सुटका होईल. पण त्या दारातच उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, छत्तीस आहेत."

"तुम्ही मोजलेत?"

"मी काहून मोजू? मेश्रामनं मोजले. अख्खं मिनिट. दोनदा."

डॉक्टर उठले. भागाबाईच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि मग त्यांची धावपळ पाहण्यासारखी होती. न्यूमोनियाची सुरुवात होती. ऑक्सिजन आला, इंजेक्शनं सुरू झाली. वेळेवर सापडलं, असं नंतर तेच डॉक्टर मला म्हणाले, तेही माझ्या नावानं हाक मारून. मी त्या संध्याकाळी होस्टेलच्या जिन्यावर एकटीच बसून राहिले. मला नर्स व्हायचं होतं ते बाबांच्या फोटोसाठी. त्या दिवसापासून ते माझ्यासाठी झालं.

दोन आठवड्यांनी भागाबाई खरोखरच बरी झाली. घरी जायच्या दिवशी तिचा मुलगा काटोलहून एसटीनं संत्र्यांची भलीमोठी टोपली घेऊन आला. म्हातारीनं ती माझ्यापुढे सरकवली. पेशंटकडून काही घ्यायचं नाही, हा नियम. मी हात मागे घेतला.

म्हातारीचा चेहरा उतरला. "काहून वं पोरी? माह्या हातचं चालत नाही का तुले?"

हा प्रश्न कोणी कोणाला विचारायचा! आमच्या हातचं चालत नाही, हे ऐकत माझी आजी म्हातारी झाली होती. मी सरळ बाईंकडे गेले.

"बस," बाई म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी छातीवरच्या घड्याळाशी चाळा केला. "लपवून खाल्लं तर लाच. सगळ्यांसमोर वाटून खाल्लं तर संत्रं. चाल."

टोपली वॉर्डाच्या मधोमध आली. बाईंनी स्वतः वाटायला घेतली. उपाशी ठेवलेल्या तिघी सोडून सगळ्यांना. आयांना, सफाईवालीला, त्या डॉक्टरांना. वास कसला म्हणून मेट्रन आल्या. भुवई निघालीच होती, तेवढ्यात भागाबाईनं त्यांच्या हातात एक मोठं संत्रं ठेवलं आणि म्हणाली, "बसा ना बाई, उभ्यानं काय खाता." आणि मेट्रन बसल्या! भर वॉर्डात, आमच्या स्टुलावर. भागाबाईनं एक संत्रं सोललं, शिरा काढल्या आणि पहिली फोड स्वतः माझ्या तोंडात घातली. तसं गोड संत्रं मी पुन्हा खाल्लेलं नाही.

त्याला पंधरा वर्षं झाली. मी नर्स झाले, वॉर्ड इन्चार्ज झाले. बदलीमुळे नागपूरही सुटलं. परवा सुट्टीत आले तेव्हा कळलं, बाई निवृत्त झाल्या आहेत आणि छातीच्या दुखण्यानं रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात आहेत. मी गेले. अगदी वाळल्या होत्या. उशीपाशी मात्र एक कांदा होता.

"माय गेली," त्या म्हणाल्या. "पण सवय राहिली." मग पायानं पलंगाखालचं स्टूल ढकलायला गेल्या, ते काही जमलं नाही. "बस," त्या म्हणाल्या.

बोलता बोलता चार वाजले. एक शिकाऊ पोरगी तक्ता घेऊन आली, काटकुळी, टोपी तिरपी. तिनं मनगट धरलं. बाईंनी मला डोळा मारला, डोळे मिटले आणि श्वास रोखून पडून राहिल्या. पोरगी थांबली. छातीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा छातीकडे पाहिलं. तेवढ्यात बाईंचा श्वास फुसकन सुटला. पोरगी तक्त्यावर काहीतरी लिहून, तो पायथ्याशी ठेवून शेजारच्या खाटेकडे गेली.

"माहा चश्मा नाही," बाई घाईनं म्हणाल्या. "वाच, वाच. वीस लिहिले का तिनं?"

मी तक्ता उचलला. श्वासाच्या रकान्यात आकडा नव्हता. शेऱ्यात लिहिलं होतं, 'पेशंट मुद्दाम श्वास रोखतात. पुन्हा मोजणार.'

मी मोठ्यानं वाचलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला, पाठ चोळावी लागली, डोळ्यांतून पाणी आलं. "मुद्दाम लिहिलं तिनं? मुद्दाम?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मग हात उंच करून त्यांनी पोरीला हाक मारली. "ये वं बाई. आता नाही रोखत. खरंच सांगून राहिले."

पोरगी आली. मी स्टुलावरून उठले आणि ते तिच्याकडे सरकवलं. ती जरा बिचकली, मग बसली. माझी बसची वेळ झाली होती. मी दारापर्यंत गेले आणि निघते म्हणून सांगायला वळले.

बाई शहाण्या मुलीसारख्या सरळ झोपल्या होत्या आणि अगदी मनापासून श्वास घेत होत्या. पोरीची नजर त्यांच्या छातीवरून हलत नव्हती. मी काही बोलणार तोच बाईंनी एक डोळा उघडला आणि चादरीतून बोट काढून ओठांवर ठेवलं. बोलू नको, ती मोजून राहिली.

मी दारात उभी राहिले, मिनिट संपेपर्यंत.